घाटाळांचं तळं कोणाचं

"माझा काय आहे इकडं? मी तर कधीचा डहाणूचा झालो," असं चिमण बोलला तेव्हा तो अजून मोटरसायकलवरून पुरता उतरलाही नव्हता. एक पाय चिखलात, एक पाय वर, आणि तळं आपलं नाही हे सांगून मोकळा.

तुळशीने ऐकून घेतलं. सकाळपासून ती बांधावर उभी होती, लुगड्याचा काठ चिखलाने जड झाला होता, आणि ह्या मधल्या दिराला आज तिनेच फोन लावायला लावून बोलावून घेतलं होतं. चिमण रेल्वेत गँगमन होता, तिथूनच निवृत्त झाला आणि डहाणू रोडला घर बांधून राहिला. होळीच्या आधी तळ्यातली मासळी काढायची वेळ आली की मात्र तो न चुकता यायचा, आपला तिसरा हिस्सा घ्यायचा आणि पिशवी पुरली नाही तर तुळशीचीच बादली मागून न्यायचा. त्या दिवशी तो डहाणूचा नसायचा. हे सगळं तोंडावर म्हणायचं तर जोर लागतो, आणि तुळशीला अंगातला जोर दुसऱ्या कामासाठी राखून ठेवायचा होता.

काम एकच होतं. बांधाखाली पाडा होता, पाड्यात पहिलंच घर तिच्या लेकीचं होतं, आणि लेक घर सोडायला तयार नव्हती.

झालं होतं ते असं. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, पायथ्याशी, एक झिरा वर्षानुवर्षं वाहायचा. खालच्या पाड्याच्या बायका त्यावर भांडी घासायच्या. पाणी निवळ यायचं, म्हणून त्याची भीती कोणालाच नव्हती. आज सकाळी शितलने त्यात तांदूळ धुतले आणि तांदूळ तांबडे झाले. तशीच ओल्या हातांनी ती आईकडे वर पळत आली. तुळशीने खाली जाऊन ओंजळ भरून पाहिली. पाणी बोटांतून गळून गेलं आणि तळहातावर माती राहिली. ही माती कुठली, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. बांध आतून वाहून चालला होता.

खालच्या पाड्याचा पोलीस पाटील प्रविण, त्याने लगेच तालुक्याला फोन लावला. पलीकडे कोणी इंजिनियर बाई होत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं, उगाच दटावलं नाही. लोकांना आधी हलवा, म्हणाल्या. बांधाला कोणी कुदळ लावू नका, तो जागच्या जागी ढासळेल. सांडव्याचं पाणी मोकळं करा, तळं उतरू द्या. मशीन पाठवते, पण वाटेत पुलावरून पाणी जातंय, उद्याशिवाय पोचणार नाही. आणि मग त्यांनी विचारलं, "आमच्या दप्तरी हे धरण नाही. खाजगी आहे. मालक कोण?"

प्रविणने फोन कानाला तसाच धरून तुळशीकडे पाहिलं होतं. तुळशी म्हणाली होती, "माझे दीर येतील, ते सांगतील."

आता दीर आडवाटेने मोटरसायकल घालून आले होते, आणि सांगत होते.

"बाबांचं म्हणणं बरोबर आहे, मोठी काकी," दिपकने गाडी स्टँडवर लावली. चिमणचा हा मुलगा डहाणूच्या शाळेत मास्तर होता. बोलणं नीटनेटकं, कपडे नीटनेटके, आणि मनाने वाईट नाही. तुळशीच्या नवऱ्याला, रघ्याला, शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नेलं ते ह्यानेच, आपल्या गाडीवर मागे बांधून. "तुम्ही एक समजून घ्या. आज आपण तोंडाने मालक म्हणालो आणि उद्या खाली कोणाचं घर गेलं, तर केस आपल्यावर होणार. बाबा ह्या वयात कोर्टाच्या फेऱ्या मारणार का?"

"घर गेला तर कोणाचा जाईल, दिपक?"

दिपक खाली पाहू लागला. बांधावरून शितलचं घर स्वच्छ दिसायचं. कौलांवर भोपळ्याचा वेल, अंगणात उलटं घातलेलं टोपलं, दारात बसलेली शितल.

"तिला शाळेत हलवा ना. बाकीचे गेलेत."

"सासू उठत नाय तिची. सासू नाय तर ती नाय."

हेही खरं होतं. ह्या भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले त्या वर्षी सगळा पाडा थंडीत उघड्यावर निजला होता. सरकारने तंबू दिले, तंबूंत सासूचा दमा वाढला, आणि घरं होती तिथेच राहिली. भिंतींना भेगा तेवढ्या पडल्या. मग पुढच्या धक्क्यांना लोक उठायचे, बाहेर यायचे, जांभया देत पुन्हा आत जायचे. शितलच्या सासूने तर बाहेर यायचंही सोडलं होतं. मरायचा तर घरात मरते, एवढंच ती आज सकाळी प्रविणला म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भिऊन भिऊन माणूस दमतो, आणि दमलेल्या माणसाला हलवणं फार कठीण असतं.

लेक जवळ राहावी म्हणून खालच्या पाड्यातली ही सोयरीक तुळशीनेच नवऱ्याशी भांडून जमवली होती. हाकेच्या अंतरावर, म्हणाली होती. ते तिला सकाळपासून सारखं आठवत होतं.

धाकल्या आला तो सांडव्याच्या बाजूने, खांद्यावर इरलं, तोंडात विडी. तिन्ही भावांतला हा सगळ्यात लहान, पण आता साठीला आलेला. तळ्याला लागून त्याचं घर होतं. त्याच्यामागे त्याची बायको बारकी आणि मुलगा मनिष. बारकी जरा लांबच थांबली. दोघी जावांचं बोलणं किती तरी पावसाळे बंद होतं.

"झिरा तर कायमचा आहे," धाकल्या आल्या आल्या म्हणाला. "बाच्या वेळेपासून. आज त्याच्यात नवीन काय?"

"तांबडा आलाय," तुळशी म्हणाली.

"पाऊस आहे. पावसात सगळाच तांबडा येतो."

"ओहोळ तांबडा येतो. झिरा नाय येत. तू खाली जाऊन बघ."

धाकल्या खाली गेला नाही. विडी विझली होती ती त्याने पुन्हा पेटवली. "आणि आलाच असेल, तर तुझ्या वाट्यातून आलाय. माझा बांध टणक आहे."

इथे थोडं थांबून बांधाच्या वाटणीचं सांगायला हवं, कारण घाटाळांनी जमिनी वाटल्या, भांडी वाटली, ताडाची झाडं वाटली, तशी मातीची ही भिंतही वाटली होती. बांध घातला तो म्हाताऱ्या लडक्याने. ओहोळ अडवून, आपल्या जागेत, सगळ्या पाड्याला हाताशी घेऊन. लोक माती टाकायचे आणि लडक्या त्यावरून बैलांच्या जोड्या फिरवायचा, दिवसचे दिवस, माती दगडासारखी बसेपर्यंत. तो होता तोवर विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा उरकली की सगळं घर मिळून बांधावर माती टाकायचं आणि धुमसाने ठोकून घट्ट बसवायचं. लडक्या गेला आणि मुलांनी बांधाचे तीन तुकडे केले. मधला मोठ्या रघ्याचा, सांडव्याकडचा धाकल्याचा, पलीकडचा चिमणचा. हद्दीला धोंडे रोवले. जत्रा झाली की ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर माती टाकायची. चिमण मजूर लावून टाकून घ्यायचा. पण धोंड्याच्या पलीकडे माती पडली तर ते अतिक्रमण. रघ्या वारला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुळशीने एक टोपली धोंड्याला भिडवून, सांध्यावर टाकली होती. धाकल्याने ती पायाने तळ्यात लोटली. आज टोपली टाकतेस, उद्या बांध माझा म्हणशील, असं पाड्यादेखत बोलला. त्या दिवसापासून इकडची माती धोंड्याच्या अलीकडे हातभर थांबायची आणि तिकडची पलीकडे हातभर. मधे पाऊस पडायचा, गवत उगवायचं, धुमस कोणाचाच पडायचा नाही. दरवर्षी बांध दोन्ही बाजूंनी उंच होत गेला, आणि मधे पोकळ माती राहिली.

पाणी आता तिथूनच शिरलं होतं. धोंडा कोणाच्या बाजूला झुकलाय, एवढाच वाद बाकी होता.

"माझ्या वाट्यातून नाय, तुझ्या नाय," तुळशी म्हणाली. "सांध्यातून आलाय. आणि पाणी तिथवर चढला कशाने? तुझ्या भिंतीने."

भिंतीचं नाव निघताच मनिषने मान खाली घातली. तारापूरची नोकरी सुटल्यावर तो घरी येऊन बसला, आणि मग बापलेकांनी तळ्यात रोहू-कटल्याचं बी सोडलं. पावसात मासे सांडव्यावरून पळतात. पूर्वी, वाटणीच्याही आधी, तिथे रघ्याने दगडांचा एक बुटका थर रचला होता. त्यावर धाकल्याने दुसरा चढवला, आणि गेल्या वर्षी सिमेंट घालून तिसरा. कमरेएवढी भिंत झाली. मासे राहिले, आणि पाणीही राहिलं, लडक्याने ज्या उंचीचा कधी विचार केला नव्हता तिथपर्यंत. इथल्या आपल्या बागेला पाणी मिळतं म्हणून चिमणही खूश होता, आणि खरं सांगायचं तर चैत्रापर्यंत मोगऱ्याला पाणी पुरलं म्हणून तुळशीही काही बोलली नव्हती.

"भिंत फोडायची आहे," ती आता म्हणाली. "आत्ता. ह्याच्यासाठी तुम्हाला बोलावला."

"डोका फिरला का तुझा?" धाकल्या ओरडला. "वर्षाचे मासे आहेत त्याच्यात!"

"खाली माणसं आहेत."

"माणसं शाळेत गेलीत."

"माझी पोर नाय गेली!"

तिचा आवाज असा चिरकला की ढगांकडे बघत उभा असलेला चिमणसुद्धा वळला. खालच्या पाड्याची काही माणसं एव्हाना वर येऊन सांडव्याच्या कडेला बसली होती, ती उठून उभी राहिली. तुळशीला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. मग वाटेनाशी झाली.

प्रविण मधे पडला. गडी शांत होता, पण सकाळपासून त्याचाही घसा बसला होता. "काका, बाई फोनवर आहेत, पुन्हा पुन्हा विचारतायत. मालकाने सांडवा मोकळा करायचा. मी फोडला तर उद्या तुम्हीच मला पोलिसात न्याल. तुमचा एक काय ते बोला. तळा कोणाचा?"

"सरकारचा," चिमण चटकन म्हणाला. "बाच्या वेळेला मजुरीला गहू आला होता सरकारी. मी स्वतः खाल्लाय. सरकारच्या गव्हावर झाला तो सरकारचा."

"बरोबर," दिपकने दुजोरा दिला. "रोजगार हमीतलं काम असणार ते."

"सरकार म्हणतं तुमचा आहे."

"म्हणू दे. आम्ही नाय म्हणत."

"धाकल्याकाका?"

"बाचा आहे," धाकल्या म्हणाला. "बाने बांधला, बाचा. त्याला जाऊन विचार."

"आणि मासे?"

"मासे माझे."

बसलेल्या माणसांत कोणीतरी फिस्सकन हसलं. धाकल्याच्या ते ध्यानात आलं नाही. चिमणच्या मात्र आलं, पण वेगळंच. "तुझे कसे?" तो भावाकडे वळला. "होळीला तीन वाटे होतात ना?"

"बी कोणी टाकला?"

"पाणी कोणाचा?"

"बाबा," दिपक हळूच म्हणाला, "बाबा, गप्प बसा."

तुळशी हे सगळं ऐकत होती, आणि तिला एकदम फार थकवा आला. आजचा नव्हता तो. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ती हेच ऐकत आली होती. माणसं तीच, आवाज तेच, फक्त आवाजांत आता कफ होता. रघ्या असताना दोन्ही भाऊ भांडून त्याच्याकडे यायचे आणि तो गेल्यावर तिच्याकडे येऊ लागले. तिच्या ओट्यावर बसून दुसऱ्या भावाची निंदा, आणि त्या भावाच्या ओट्यावर तिची. तिने दोघांना चहा दिला. पण दोघांनी बांध मात्र हातभर लांबच ठेवला.

तिने बांधाकडे पाहिलं. धोंड्याजवळचं गवत एका जागी खाली बसलं होतं. मघाशी ते तसं नव्हतं.

"धाकल्या," ती म्हणाली, "सांडवा तुझा आहे?"

तो सावध झाला. एवढी वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता की सांडवा माझा, भिंत मी बांधली, तिथे गळ टाकायला यायचं नाही. पण आज हो म्हटलं तर प्रविण ते नाव पुढे सांगणार. "सामायिक आहे," तो म्हणाला. "वाटणीत सामायिक ठेवला होता."

"कोणाकोणाचा?"

"आपल्या तिघांचा. अजून कोणाचा?"

दिपकने डोळे मिटून घेतले.

"तिघांचा असेल तर मला विचारल्याशिवाय तिथला दगड हलवायचा नाय," चिमण पुढे सरकला. डहाणू, रेल्वे, सरकारी गहू, सगळं त्याच्या डोक्यातून उडालं. "तिसरा हिस्सा माझा आहे. मी नाय म्हणतो. पाणी गेला तर माझ्या बागेला काय मिळेल?"

"मालक तर सापडले," प्रविण म्हणाला. पण तोही हसला नाही, कारण मालक सापडून काहीच सुटलं नव्हतं. दोन भाऊ, जे सकाळपासून एकमेकांवर ढकलत होते, ते आता खांद्याला खांदा लावून सांडव्याच्या तोंडाशी उभे होते. तिघांचा होकार पाहिजे, धाकल्या म्हणत होता. एक जण नाय म्हणाला तर नाय, चिमण म्हणत होता. रघ्या मेल्यापासून त्यांचं एवढं जुळलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

तुळशी मनिषच्या ओट्याकडे चालत गेली आणि पहार घेऊन आली. पहार तिच्या अंदाजापेक्षा जड होती, ती तिने ओढतच आणली.

"सामायिक आहे ना?" ती म्हणाली. "मग मी माझ्यापुरता फोडते."

"तुझा वाटा कुठला त्याच्यात?" धाकल्याने विचारलं.

"खालचा थर. शितलच्या बाने घातलेला. वरचे दोन तुमचे. तुमच्या दगडाला मी हात नाय लावत. ते तुम्ही सांभाळा."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग बसलेल्या माणसांतून हसण्याची एक लाट आली, आणि चिमणचं तोंड उघडं राहिलं. "अगं पण... खालचा काढला तर वरचा राहील कशावर?"

"तो तुमचा प्रश्न. मी माझ्या मालकीचा बोलते."

धाकल्या आडवा आला. त्याने पहार धरली. म्हाताऱ्या भावजयीच्या हातातून ती हिसकायला त्याला वेळ लागला नसता, पण हिसकण्याआधी तिसरा हात पहारीवर पडला. बारकीचा. ती कधी आली ते कोणी पाहिलं नव्हतं.

"सोड," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू घरी जा."

"सकाळी उजाडायच्या आत खाली जाऊन बघून आलास तू. झिऱ्यात हात घालून आलास. मी विचारला काय झाला, तर बोलला नाय. भाकर वाढली ती खाल्ली नाय." बारकीचा आवाज मोठा नव्हता, पण सांडव्यावर सगळे गप्प झाले होते म्हणून शब्द न् शब्द ऐकू गेला. "कळला होता तुला. मासे राहावे म्हणून गप्प राहिलास. शितल आपल्या अंगणात वाढली, धाकल्या. माझ्या मनिषच्या ताटात जेवली."

धाकल्याने बायकोकडे पाहिलं, मग मनिषकडे पाहिलं. मनिष त्याच्याकडे बघत नव्हता, तो खाली शितलच्या दाराकडे बघत होता. धाकल्याचा हात पहारीवरून सुटला. तो बाजूला झाला आणि ताडाच्या बुंध्याला टेकून, पाण्याकडे पाठ करून बसला. तुळशीला त्या घडीला त्याचा राग आला नाही. घरात बसलेल्या पोरासाठी माणूस काय काय गिळतो, हे तिला कळत होतं. पण कळलं म्हणून हात थांबवता येत नव्हते.

"जड आहे," बारकी तुळशीला म्हणाली. इतक्या पावसाळ्यांनंतरचे हे पहिले शब्द. "दोघींनी धरू."

दोघींनी धरली. रघ्याचे दगड चुन्यासिमेंटाविना नुसते रचलेले होते, एकमेकांच्या भाराने उभे. पहिला हलायला तयार नव्हता. दुसऱ्यांदा पहार घातली तेव्हा त्याच्या कडेने पाण्याची बारीक धार उडाली आणि बारकीच्या पोटावर आली. मग मनिष आला, मधे उभा राहिला, दोघींना मागे सारलं आणि दणके घालू लागला. प्रविणने फोन खिशात टाकून बाह्या वर केल्या. दगड निघाला. त्यामागून दुसरा आपणहून निघाला. वरच्या दोन थरांनी, सिमेंटने एकमेकांना धरून, थोडा वेळ अधांतरी तग धरला. मग भिंत मधोमध वाकली, आणि सगळे ओरडत बाजूला पळाले.

सांडव्याचं पाणी पाड्याला वळसा घालून, खडकावरून, जुन्या ओहोळात उतरायचं. लडक्याने ती वाट बघूनच सांडवा काढला होता. आज ती वाट भरून वाहू लागली. पाण्याबरोबर मासे गेले. रोहू खडकावर आपटायचे, उसळायचे, पुन्हा धारेत पडायचे. खाली शाळेतून माणसं निघाली, टोपल्या, साड्या, मच्छरदाण्या, जे हाताला लागलं ते घेऊन ओहोळाच्या काठाने धावली. त्यांचं हसणं, ओरडणं वर ऐकू येत होतं. मनिष ते ऐकत पहार टेकून उभा राहिला. मग पहार टाकून घरात निघून गेला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तुळशीला वाटलं, पण तिला हात उचलवत नव्हते.

पाऊस पुन्हा आला, जोराचा आला, आणि तळं भरेना. जेवढं येत होतं तेवढं सांडवा घेऊन जात होता, वर थोडं जास्तच. दुपारभर सगळे बांधावर भिजत बसले. कोणी घरी गेलं नाही. चिमणला थंडी भरली तेव्हा बारकीने त्याला गोणपाट आणून दिलं. दिपक छत्री धरून सांध्याच्या धोंड्याजवळ उभा राहिला, खचलेल्या गवताकडे टक लावून. गवत अजून बोटभर खाली गेलं आणि तिथेच थांबलं. तळ्याची कड सांध्याच्या खाली उतरली. आता फक्त लडक्याने बैल फिरवलेल्या जुन्या मातीला पाणी टेकत होतं, आणि ती माती हलली नाही.

संध्याकाळी शितल वर आली. तिच्या हातात लोटा होता. तिने तो आईपुढे धरला. तुळशीने बोट बुडवलं, तळ चाचपला. माती नव्हती.

"धार बारीक झाली," शितल म्हणाली. "आता नुसता थेंब थेंब येतो."

"सासू?"

"झोपलीये. विचारत होती, एवढा आवाज कसला."

तुळशीला हसायला आलं आणि हसता हसता रडू आलं. तिने ते लपवलं नाही. शितलने लोटा खाली ठेवून आईला धरलं, आणि दोघी तशाच ओल्या, बांधाच्या उतारावर बसून राहिल्या. उद्यापासून बघायचं खूप होतं. मशीन येणार, सांधा उकरून पुन्हा बसवायचा, मोगऱ्याला माघानंतर पाणी कुठलं द्यायचं. पण ते उद्याचं होतं. आज तिला फक्त बसायचं होतं.

"ते बघ," चिमण एकदम उठला. अंगावरचं गोणपाट खाली पडलं. "अरे, ते बघ काय निघाला!"

तळ्याच्या वरच्या टोकाला पाणी मागे सरकलं होतं. चिखलातून एक काळी रेघ वर आली होती, मग दुसरी, मग तिसरी. भातखाचरांचे बांध होते ते. रघ्याने भिंत घातल्यापासून हळूहळू पाण्याखाली गेलेलं लडक्याचं खाचर. तिघांनी तिथे लहानपणी गुडघाभर चिखलात भाताची आवणी केली होती. वाटणीच्या वेळी ते बुडालेलं होतं, म्हणून कोणी त्याचं नावही काढलं नव्हतं.

"आबळीचा खाचर," धाकल्याने त्याचं जुनं नाव घेतलं. तो उठून भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "इथंच मला जळू लागली होती. तू उचलून घरी नेलास."

"नेला," चिमण म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "रडत होतास नुसता."

दोघं भाऊ बराच वेळ तसेच बघत उभे राहिले. सूर्य ढगाखालून थोडा निघाला आणि ओला चिखल चमकू लागला. तुळशीला वाटलं, रघ्या आज पाहिजे होता. हे बघायला पाहिजे होता.

"चांगली जमीन आहे," चिमण जरा वेळाने म्हणाला.

"गाळाची आहे. खत लागणार नाय."

"कोणाच्या नावावर असेल?" दिपकने छत्री मिटली.

"बाच्याच असेल. वाटलीच नाय ना." धाकल्याने हात लांबवून हवेत एक रेघ ओढली. "सांडव्याची बाजू माझी. म्हणजे त्या ताडापासून इकडं..."

"ताडापासून कसा? ताड तर मधे आहे. पलीकडचा अर्धा माझ्यात येतो."

"अर्धा?"

"मग मोजून घे ना. वयनी! ए वयनी, तू सांग. तुझा वाटा कुठून धरायचा?"

तुळशी उठली होती. गुडघे धरून, शितलच्या खांद्याला हात लावून ती उतारावरून खाली निघाली होती, लेकीच्या घराकडे. बारकी तिच्यामागून येत होती. हाक ऐकून तुळशी थांबली, पण वळली नाही.

"कुठूनही धरा," ती म्हणाली. "पण परत पाणी अडवाल ना, तर खाली राहायला तुम्ही या."